ट्रायपॉड घेताना पैसे कशावर घालायचे?

ट्रायपॉडच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात. उंची किती, आणि वजन किती किलो पेलतो. दुकानातली चर्चा याच दोन आकड्यांभोवती फिरते. पण उंचीचा आकडा बहुतेक वेळा मधला दांडा शेवटपर्यंत वर ओढून मोजलेला असतो, आणि त्या अवस्थेत कुठलाही ट्रायपॉड सगळ्यात जास्त डुगडुगतो. वजनाच्या आकड्याचं तर सगळ्या कंपन्यांना लागू होईल असं एकच मोजमाप नाही. प्रत्येक कंपनी तो आपापल्या रीतीनं ठरवते. ‘आठ किलो’ लिहिलेल्या ट्रायपॉडवर दीड किलोचा कॅमेरा ठेवला तर तो कोसळणार नाही हे खरं, पण ग्राहकाची अडचण कोसळण्याची नसतेच. अडचण हलण्याची असते. अर्ध्या सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये कॅमेरा केसभर हलला तरी फोटो हातचा गेला.

किमतीचा निष्कर्ष आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचणं सोपं जाईल. एक डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, त्यासोबत आलेली किट लेन्स आणि फार तर ७०-३०० ची झूम, एवढा संसार असलेल्या हौशी फोटोग्राफरला आज सहा ते नऊ हजार रुपयांत, हेडसकट (पायांवर बसणारा, कॅमेरा धरून वळवणारा भाग), अ‍ॅल्युमिनियमचा भक्कम ट्रायपॉड मिळतो. नीट वापरला तर तो वर्षानुवर्षं बदलावा लागत नाही. याच्या खूप खाली गेलात तर भक्कमपणा सोडावा लागतो. याच्या खूप वर गेलात तर जादा पैसे मुख्यतः ट्रायपॉड हलका करण्यासाठी मोजले जातात, आणि तो हलकेपणा तुम्हाला हवा आहे का हे तुमच्या पाठीनं ठरवायचं.

आधी गरज, मग किंमत

सगळ्यांनाच सहा हजार घालायची गरज नाही. फक्त मोबाइलवर रील करणाऱ्या, घरगुती पदार्थ किंवा दागिने विकण्यासाठी फोटो काढणाऱ्या माणसाचा फोन जेमतेम दोनशे ग्रॅमचा असतो. त्याला हजार ते पंधराशेचा साधा ट्रायपॉड पुरतो. त्यात पाय बघण्यापेक्षा फोन धरणारा चिमटा बघा. प्लॅस्टिकचा चिमटा काही महिन्यांत सैल पडतो, धातूचा आणि स्क्रूनं आवळायचा चिमटा टिकतो, आणि तो वेगळा घेतला तरी दोन-चारशे रुपयांचं काम आहे. फोन ट्रायपॉडवर ठेवण्याचा मोठा फायदा रात्री कळतो. आयफोनचा नाइट मोड फोन पूर्ण स्थिर असल्याचं ओळखला की एक्स्पोजर तीस सेकंदांपर्यंत नेऊ शकतो, आणि हातात धरून ते कधीच मिळत नाही.

ताडोब्याला वाघ बघायला जाणाऱ्यांनी ट्रायपॉड घरीच ठेवावा. जिप्सीत सहा माणसांच्या पायांमध्ये तीन पाय आणखी कुठे पसरणार? तिथे बीन बॅग कामाची. जाड कापडाची, दोन कप्प्यांची पिशवी शिंप्याकडून शिवून घ्या, रिकामी न्या आणि मुक्कामी पोचल्यावर तांदूळ किंवा राजमा भरा. सगळा खर्च पाचशेच्या आत-बाहेर. भिगवणला फ्लेमिंगो बघायला नावेत बसतात तिथेही हीच गोष्ट. नाव स्वतःच हलत असेल तर त्यावर उभा केलेला ट्रायपॉड काय स्थिर राहणार? लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणाऱ्यांचा प्रश्न पूर्ण वेगळा आहे. त्यांना फ्लुइड हेड लागतं, कॅमेरा संथ आणि अखंड वळवता यावा म्हणून, आणि त्यांचं बजेट साधारण आठ हजारांपासून पुढे सुरू होतं. त्यांनी फोटोचा ट्रायपॉड घेऊ नये.

ट्रायपॉड खरोखर लागतो तो निसर्गचित्रांना, रात्रीच्या आकाशाला, धबधब्याचं पाणी रेशमासारखं दाखवायला, वास्तूंच्या आतल्या अंधाऱ्या जागांना, फुला-किड्यांच्या जवळच्या फोटोंना. भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या परिसरात मे अखेरीपासून पावसाच्या तोंडापर्यंत काजवे दिसतात. त्या झाडांचा फोटो वीस-तीस सेकंदांच्या एक्स्पोजरशिवाय होत नाही. आकाशगंगेचंही तसंच. हौशी छायाचित्रकार जो जुना नियम वापरतात त्याप्रमाणे ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थनं भागायचं, म्हणजे वीस मिलिमीटरच्या लेन्सवर साधारण २५ सेकंदांपर्यंत तारे ठिपक्यासारखे दिसतात, पुढे रेघा व्हायला लागतात. क्रॉप सेन्सर असेल तर हा वेळ आणखी कमी. इतका वेळ शटर उघडं असताना सह्याद्रीच्या माथ्यावर वारा सुटलेला असतो हे लक्षात ठेवून ट्रायपॉड निवडायचा आहे.

सगळी मदार खालच्या नळीवर

ट्रायपॉडचा पाय म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्या. वरची सगळ्यात जाड, खालची सगळ्यात बारीक. दुकानदार वरच्या नळीचा व्यास सांगतो, पण पाय हलतो तो खालच्या नळीत. नळीचा ताठपणा तिच्या व्यासाबरोबर झपाट्यानं वाढतो. पत्र्याची जाडी तीच ठेवली आणि व्यास २२ मिलिमीटरवरून २८ वर नेला तर नळी सुमारे दुप्पट ताठ होते. उलट बाजूनं बघा, पायाची लांबी दहा टक्के वाढली की तोच जोर लावल्यावर तो जवळजवळ ३३ टक्के जास्त वाकतो. उंच आणि बारीक हा संयोग म्हणूनच वाईट.

यातून खरेदीचे दोन साधे नियम निघतात. पहिला, पायाचे टप्पे जितके कमी तितकं बरं. तीन टप्प्यांचा ट्रायपॉड मिटवल्यावर लांब राहतो, साधारण ६० सेंटिमीटर किंवा जास्त, पण उभा भक्कम राहतो. पाच टप्प्यांचा मिटून सॅकेत बसतो, पण त्याचा शेवटचा टप्पा अनेकदा पेन्सिलीपेक्षा जरासाच जाड असतो, आणि सांधे वाढतात तितके सैल पडायच्या जागाही वाढतात. चार टप्पे हा बहुतेकांसाठी योग्य मध्य. एसटीनं, लोकलनं जाणाऱ्या आणि गडावर चढणाऱ्या माणसाला मिटल्यावर ४५ ते ५० सेंटिमीटरचा ट्रायपॉड वागवता येतो. दुसरा नियम, वरची नळी निदान २५, जमल्यास २८ मिलिमीटर असावी, आणि सगळ्यात खालची १६ च्या खाली नसावी. दुकानात नळीचा व्यास मोजायला खिशात एक छोटी पट्टी नेली तरी पुरे. माप विचारणारा ग्राहक समोर असला की दुकानदारही माल वेगळा काढतो.

आता मधला दांडा. स्वस्त ट्रायपॉडमध्ये उंची वाढवण्याचा तो सगळ्यात स्वस्त उपाय असतो, म्हणून तो लांबलचक देतात. तीन पायांवर उभ्या असलेल्या वस्तूच्या डोक्यावर एक बारीक दांडा उभा करून त्यावर कॅमेरा ठेवायचा, हा प्रकार भक्कमपणाचा शत्रू आहे. दांडा असू द्या, पण तो खाली असताना ट्रायपॉड तुमच्या कामाच्या उंचीला पोचला पाहिजे. शिवाय लांब दांडा जमिनीलगतच्या फोटोत आडवा येतो. कासच्या पठारावर सप्टेंबरात फुलं बोटभर उंचीची असतात. तिथे पाय आडवे पसरून कॅमेरा जमिनीपासून वीतभर आणता आला तरच उपयोग, आणि लांब दांडा असेल तर तो आधी जमिनीला टेकतो. दांडा काढता येतो, उलटा लावता येतो किंवा आखूड करता येतो का, हे विचारून घ्या. (कासला आखून दिलेल्या वाटेवरूनच फोटो काढा. पाय टेकवायला जागा नाही म्हणून फुलांवर ट्रायपॉड ठेवणं कुठल्याही फोटोसाठी योग्य नाही.)

तिन्ही पायांना मध्ये जोडणारे पट्टे असलेला ट्रायपॉड वजनदार आणि विश्वासू वाटतो. प्रत्यक्षात ते पट्टे पाय स्वतंत्रपणे पसरू देत नाहीत. एक पाय दगडावर, दुसरा उतारावर, असं ठेवता येत नाही. सपाट फरशीवर फोन किंवा हलका कॅमेरा ठेवायचा असेल तरच ते चालतात. बाहेर फिरणाऱ्यांनी पट्टे नसलेला, प्रत्येक पायाला वरच्या सांध्यात दोन-तीन कोनांचे खटके असलेला ट्रायपॉड घ्यावा.

किती उंच हवा, याचा हिशेब घरीच करून जा. पाच फूट सहा इंच उंचीच्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १५६ सेंटिमीटरवर असतो. त्यातून कॅमेऱ्याची व्ह्यूफाइंडरपर्यंतची उंची आणि हेडची उंची मिळून सुमारे १८ सेंटिमीटर वजा करा. उरले १३८. म्हणजे दांडा न उचलता १३५ ते १४० सेंटिमीटरचे पाय त्याला पुरतात. खोक्यावरच्या १७० च्या मागे धावायचं कारण नाही. कॅमेऱ्याचा स्क्रीन फिरणारा असेल तर १२० लाही काम भागतं, आणि त्या वीस सेंटिमीटरचे पैसे जाड नळीवर घालता येतात. उतारावर उभं राहायची सवय असणाऱ्यांनी मात्र थोडी उंची हाताशी ठेवावी, कारण उताराच्या बाजूचा पाय लांब लागतो.

लॉक दोन प्रकारचे. खटक्याचे आणि पिळाचे. खटक्याचं लॉक उघडं की बंद हे अंधारातही बोटाला कळतं, आणि सैल पडलं तर बहुतेकांना एक स्क्रू असतो तो आवळता येतो. पिळाचं लॉक आटोपशीर असतं, झुडपात अडकत नाही, पण वाळू गेली की करकरतं आणि ते उघडून साफ करावं लागतं. कोकणात आणि गोव्यात वारंवार समुद्रकाठी जाणाऱ्यांनी उघडून धुता येईल असं लॉक घ्यावं, मग ते कुठलंही असो. खटका प्लॅस्टिकचा असेल तर सुटा मिळतो का, हे आधी विचारा.

हेड वेगळं घ्यावं की सोबतचं?

पाय चांगले आणि हेड वाईट, तर पैसे फुकट गेले. पंधराशे-दोन हजारांच्या ट्रायपॉडमध्ये हेड पायांना कायमचं जोडलेलं असतं, आणि बहुतेकांत त्याचे सांधे प्लॅस्टिकचे असतात. लांब मूठ असल्यानं ते व्हिडिओ हेडसारखं दिसतं, पण कॅमेरा आवळून सोडला की पुढे झुकतो. हेड पुढे बदलता आलं पाहिजे, ही खरेदीची अट धरा. सुटं हेड पायांना तीन-अष्टमांश इंची स्क्रूनं बसतं, तर कॅमेऱ्याच्या बुडाशी पाव इंची स्क्रूचं भोक असतं. ही मापं जगभर ठरलेली आहेत, त्यामुळे आज घेतलेल्या पायांवर पाच वर्षांनी दुसऱ्या कंपनीचं हेड बसतं.

फिरस्त्या माणसाला बॉल हेड सोयीचं. एक खीळ सैल केली की कॅमेरा हवा तसा वळतो, आवळली की थांबतो. बॉलचा व्यास ३६ मिलिमीटरच्या आसपास असावा. २८ च्या बॉलवर किट लेन्स ठीक, ३०० मिलिमीटरवर नाही. फक्त कॅमेरा डावीकडे-उजवीकडे फिरवण्यासाठी खाली वेगळी खीळ असेल तर उत्तम. इमारती, टेबलावरच्या वस्तू, जुनी कागदपत्रं यांचे फोटो काढणाऱ्यांना मात्र तीन मुठींचं हेड जास्त कामाचं. त्यात एक दिशा बदलताना दुसरी बिघडत नाही.

प्लेटकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि पुढचा सगळा मनस्ताप तिथून सुरू होतो. कॅमेऱ्याखाली लावायची, चटकन निघणारी प्लेट प्रत्येक कंपनीची वेगळी असे. ती हरवली की दुसरी मिळत नाही आणि हेड निकामी. आज बाजारात अर्का-स्विस पद्धतीची, सुमारे ३८ मिलिमीटर रुंदीची प्लेट जवळजवळ सगळीकडे चालते. हेड त्याच पद्धतीचं घ्या. जादा प्लेट चारशे-पाचशेत मिळते. निरनिराळ्या कंपन्यांच्या प्लेटांत किंचित फरक असतो, म्हणून खटक्यानं बंद होणाऱ्या पकडीपेक्षा स्क्रूनं आवळली जाणारी पकड जास्त सुरक्षित.

किमतीची शिडी

पुढच्या किमती नव्या मालाच्या, अंदाजे पट्ट्यांच्या आहेत. सणासुदीच्या सवलतीत त्या खाली येतात, आणि ऑनलाइन व दुकानातल्या भावात फरक पडतो.

सातशे ते दोन हजारांत मिळतात बारीक अ‍ॅल्युमिनियमचे, पट्टे असलेले ट्रायपॉड. फोनला आणि लहान कॅमेऱ्याला, घरात, वारा नसताना चालतात. त्यांच्याकडून याहून जास्त अपेक्षा करणं अन्याय होईल.

अडीच ते पाच हजारांचा टप्पा अवघड आहे. डिजिटेक, फोट्रॉन, केअँडएफ अशा नावांचे, बॉल हेड सुटं होणारे, अर्का प्लेटचे ट्रायपॉड इथे भेटतात. काही खरोखर चांगले असतात, काही फक्त चांगले दिसतात. एक पाय काढून मोनोपॉड, मधला दांडा आडवा, मोबाइलची पकड, पिशवी, समपातळी दाखवणारे दोन बुडबुडे, अशी यादी वाढत गेली की समजावं, पैसे नळीत कमी गेले आहेत. याच किमतीत कमी सोयींचा, पण जाड नळीचा ट्रायपॉड मिळाला तर डोळे झाकून तो घ्या. विद्यार्थ्यांनी आणि नुकता कॅमेरा घेतलेल्यांनी इथेच थांबायला हरकत नाही, फक्त नळी मोजून.

सहा ते नऊ हजार. बेनरो, सिरुई, व्हॅनगार्ड, केअँडएफची वरची मॉडेलं. पायांचा वरचा सांधा ओतीव धातूचा, वजन दीड ते दोन किलो, बॉल नीट आवळला जातो. कॅमेऱ्याला ७०-३०० लावून संध्याकाळी वाऱ्यात उभं राहायचं असेल तर हा टप्पा गाठावा. मी कुणाला एकच सल्ला द्यायचा तर तो इथला देईन.

दहा ते वीस हजारांत मॅनफ्रोटोसारख्या इटालियन कंपनीचे अ‍ॅल्युमिनियमचे पाय येतात, काही मॉडेलांत हेड वेगळं घ्यावं लागतं. या कंपनीचा संस्थापक लिनो मॅनफ्रोटो स्वतः बातमीदार छायाचित्रकार होता, आणि रोजच्या कामातल्या अडचणींतून त्याची उपकरणं घडली. अशा जुन्या कंपन्यांच्या मालाचा खरा फायदा सुट्या भागांचा. सात वर्षांनी खटका तुटला तर तो मिळण्याची शक्यता असते. पंधरा हजारांच्या मागे-पुढे स्वस्त कार्बन फायबरही सुरू होतं. कार्बन फायबर त्याच मापाच्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा साधारण पाव हिस्सा हलकं असतं, थंडीत हाताला बोचत नाही आणि धक्का लवकर जिरवतं. गिट्झो या फ्रेंच कंपनीनं १९९४ मध्ये कार्बन फायबरचा ट्रायपॉड आणला तेव्हापासून व्यावसायिक लोक तिकडे वळले. पण बारीक नळीच्या कार्बनपेक्षा जाड नळीचं अ‍ॅल्युमिनियम चांगलं, हे विसरू नका. दोन किलोंऐवजी दीड किलो वजन उचलण्यासाठी सात-आठ हजार जास्त द्यायचे का? महिन्यातून दोनदा हरिश्चंद्रगडासारखी चढण चढणाऱ्यानं जरूर द्यावेत. गाडी शेजारी लावून सूर्यास्त टिपणाऱ्यानं ते पैसे पेट्रोलला ठेवावेत.

वरच्या टोकाला साठ-सत्तर हजारांपासून लाखापर्यंतचे ट्रायपॉड आहेत. ते उत्तम असतात. दोन किलोंच्या आसपासची १५०-६०० ची झूम वापरणाऱ्या पक्षी छायाचित्रकारांना मात्र तिथवर जायची गरज नाही. त्यांना ३२ मिलिमीटरचे पाय आणि गिंबल हेड (जड लेन्स तोलून धरणारं) लागतं, आणि पंधरा ते पंचवीस हजारांत काम होतं. इतकं जमत नसेल तर दोन-तीन हजारांचा चांगला मोनोपॉड घ्यावा. पातळ ट्रायपॉडवर महाग लेन्स ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

एकदा हिशेब मांडून बघा. आधी दीड हजारांचा घेतला, वर्षभरात साडेतीन हजारांचा घेतला, मग कंटाळून साडेसात हजारांचा घेतला, तर साडेबारा हजार गेले. तोच तिसरा आधी घेतला असता तर पाच हजार वाचले असते आणि मधल्या काळातले फोटोही. पैसे आत्ता नसतील तर चांगल्या ट्रायपॉडसाठी चार-सहा महिने थांबा, तोवर बीन बॅग आणि कठडे वापरा. साडेतीन हजारांच्या पायरीवर थोडा वेळ टेकण्यापेक्षा हे थांबणं फायद्याचं ठरतं.

दुकानात काय करून बघायचं?

ऑनलाइन किंमत पाहा, पण शक्य असेल तर हात लावून घ्या. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या सामानाची दुकानं एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे एकाच फेरीत पाच-सहा ट्रायपॉड उघडून बघता येतात. स्वतःचा कॅमेरा आणि सगळ्यात लांब लेन्स घेऊन जा. दुकानातल्या हलक्या नमुन्यावर तपासणी होत नाही.

पाय पूर्ण उघडा, दांडा खालीच ठेवा. माथ्यावर तळहात ठेवून वजन टाका. कुठला सांधा घसरतो का? मग माथा दोन्ही हातांनी धरून पिळा, बाटलीचं झाकण उघडल्यासारखा. स्वस्त ट्रायपॉड इथे उघडे पडतात, कारण खालून वरपर्यंत सगळा सांगाडा किंचित वळतो. थोडा वळला आणि लगेच परत आला तर चालेल. सैल ‘खट’ जाणवला तर परत ठेवा.

आता कॅमेरा लावा. लेन्सला स्वतःचा पाय असेल तर तो प्लेटवर लावा, कॅमेऱ्याचं बूड नाही. समोरच्या भिंतीवरच्या एखाद्या अक्षरावर फोकस करा, स्क्रीनवर चित्र सगळ्यात मोठं करा, हेड आवळा आणि हात सोडा. अक्षर खाली सरकलं तर हेड झुकतंय. मग ट्रायपॉडच्या पायावर बोटानं हलकी टिचकी मारा आणि अक्षर थरथरायचं कधी थांबतं ते बघा. दोन सेकंदांच्या आत थांबलं तर चांगलं, चार-पाच सेकंद थरथरत राहिलं तर तो ट्रायपॉड तुमच्या लेन्ससाठी नाही. दोन-तीन ट्रायपॉडवर हीच टिचकी मारून पाहिलीत की किंमत कुठे दिली जाते ते डोळ्यांना दिसतं. शेवटी एक एक पाय स्वतंत्र पसरून बघा, सगळे खटके दहा-दहा वेळा उघड-बंद करा. दुकानदाराला हे आवडलं नाही तर दुसरं दुकान आहे.

जुना ट्रायपॉड हा माझ्या मते सगळ्यात किफायतशीर रस्ता आहे. ट्रायपॉडमध्ये बॅटरी नाही, सेन्सर नाही, दरवर्षी जुनं होणारं तंत्रज्ञान नाही. बंद पडलेले स्टुडिओ, हातात धरायच्या गिंबलकडे वळलेले व्हिडिओवाले आपले स्लिक, वेल्बॉन, मॅनफ्रोटोचे जुने जड ट्रायपॉड नव्याच्या निम्म्या किमतीत किंवा त्याहूनही कमीत विकतात. घेताना नळीवर चेप आहे का ते बोटं फिरवून बघा, चेपलेली नळी सरकत नाही. वरच्या ओतीव सांध्याला तडा नसावा. माथ्यावरच्या स्क्रूचे आटे गेलेले नसावेत. आणि प्लेट सोबत आहे का, हे आधी विचारा. नसेल तर हेडची किंमत शून्य धरून सौदा करा, आणि दोन-अडीच हजारांचं नवं बॉल हेड घ्यायची तयारी ठेवा. असा जुना, जाड, अडीच किलोचा ट्रायपॉड आणि त्यावर नवं हेड, ही जोडी चार-पाच हजारांत बसते, आणि नव्या नऊ हजारांच्या ट्रायपॉडला भक्कमपणात हार जात नाही. फक्त उचलून न्यायची तयारी हवी.

बिल, तक्रार, परवानगी

पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेलचं नाव आणि जीएसटी क्रमांक असू द्या. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडे वॉरंटी मागता येणार नाही. परदेशी मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनला आणि सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असणं कायद्यानं बंधनकारक आहे. ही पट्टी नसेल तर तो माल कुणी आणला आणि वॉरंटी कोण देणार, हे कळायला मार्ग नाही. ऑनलाइन मागवला असेल तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी वर सांगितलेली टिचकीची परीक्षा घ्या.

विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही.

घेतलेला ट्रायपॉड सगळीकडे उभा करता येत नाही, हेही खर्चाआधी माहीत असावं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या वास्तूंमध्ये ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. अजिंठा, वेरूळ, घारापुरी, रायगड हे सगळे त्यात येतात. फक्त लेण्यांचे फोटो डोळ्यांपुढे ठेवून ट्रायपॉड घेणार असाल तर आधी परवानगीचं बघा. विमानप्रवासात तो चेक-इनच्या सामानात टाका, सुरक्षा तपासणीला अडवला तर वेळ जातो.

घरी आणल्यावर

उघडताना जाड टप्पे आधी, बारीक टप्पा शेवटी आणि गरज असेल तरच. एक पाय लेन्सच्या दिशेला किंवा उताराकडे ठेवा. वाऱ्यात मधल्या आकड्याला सॅक लटकवतात, पण ती झुलली तर ट्रायपॉडही झुलतो, म्हणून सॅकचा तळ जमिनीला जेमतेम टेकेल अशी बांधा. शटर बोटानं दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. जुन्या कॅमेऱ्यात आणि लेन्समध्ये स्टॅबिलायझर असेल तर तो ट्रायपॉडवर बंद करा. नवे कॅमेरे पुष्कळदा ते आपोआप ओळखतात, तरी दोन्ही तऱ्हेनं फोटो काढून तुलना करा.

पाण्यात किंवा ओल्या वाळूत उभा करायचा असेल तेव्हा वरचा नियम उलटा वापरा. सगळ्यात खालचा टप्पा आधी पूर्ण उघडा, म्हणजे सांधा पाण्याच्या वर राहतो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर त्याच रात्री नळाच्या साध्या पाण्यानं पाय धुवा, सगळे टप्पे उघडे ठेवून सावलीत वाळवा, मगच मिटा. ओला मिटलेला ट्रायपॉड पिशवीत पडून राहिला की अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि लॉक जाम होतात. पिळाचं लॉक पावसाळा संपला की एकदा उघडा, आतल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कुठल्या क्रमानं बसल्या आहेत त्याचा फोनवर फोटो काढा, कोरड्या फडक्यानं पुसा आणि तशाच परत बसवा. ग्रीस लावायची झाली तर अगदी बोटाच्या टोकाएवढी, आट्यांवरच. नळीवर लावलेलं ग्रीस धूळ गोळा करतं. बुडाचं रबर झिजून धातू दिसायला लागलं की बदला, रबरांचा संच शंभर-दोनशे रुपयांत येतो. हेडसोबत आलेली अ‍ॅलन की ट्रायपॉडच्याच पिशवीत बांधून ठेवा, कारण सैल झालेला स्क्रू नेहमी गडावरच सापडतो.